ऑर्डर किती वाजता केली ते आधी लिहून काढा

एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आलाय. वय २९, हिंजवडीला नोकरी, हातात पगार ५८ हजार, वाकडला मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. दर महिन्याला १८-२० तारखेपर्यंत खातं रिकामं होतं, मग क्रेडिट कार्ड. कार्डावर ८४ हजार थकलेत आणि दर महिन्याला फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, भरलं जातंय. मोठं असं काही घेतलेलंच नाही, "सगळं दोनशे, चारशे, सातशेचं असतं, कुर्ती, सिरम, किचनचे डबे, रात्रीचं आईस्क्रीम, काही खोकी तर अजून उघडलेली पण नाहीत." खर्च लिहायची अ‍ॅप तीनदा टाकली, तीनदा काढली. वडिलांनी करून दिलेली लाखाची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. आणि शेवटी दोन प्रश्न, माझ्यात कंट्रोलच नाहीये का आणि हे आईला सांगू का.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. नऊ वर्षं एका बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात होतो, त्यातली शेवटची चार वसुलीला. मग सोडलं, आणि गेली चौदा वर्षं ठाण्यात लोकांच्या घरखर्चाचं बघतो, फंड-पॉलिसी काही विकत नाही, फी घेतो आणि समोर बसून त्यांची स्टेटमेंट वाचतो. कंटाळवाणं काम आहे, पण हजार-दीड हजार स्टेटमेंट वाचली की माणसाचा चेहरा दिसायला लागतो त्यात.

तर कंट्रोलचं. जी मुलगी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रोज वेळेवर ऑफिसला पोचते, भाडं एक दिवस उशिरा देत नाही, तिच्यात कंट्रोल नाही हे मला पटत नाही. कंट्रोल आहे, पण तो दिवसभर वापरून रात्री संपलेला असतो आणि दुकान मात्र रात्री साडेअकराला उशीपाशी उघडं असतं. आपल्या आई-वडिलांना हा त्रासच नव्हता हो, त्यांची इच्छा रात्री अकराला झाली तरी लक्ष्मी रोड बंद असायचा, सकाळपर्यंत निम्मी इच्छा मेलेली असायची. त्यांचं कौतुक आहेच पण त्यातला अर्धा वाटा शटरला जातो.

म्हणून मी कुणाला पहिल्या भेटीत बजेट करायला सांगत नाही. एकच काम देतो. गेल्या दोन महिन्यांच्या ऑर्डर कन्फर्मेशनच्या मेल उघडा, वहीत चार रकाने आखा, वार, वेळ, रक्कम, आणि चौथ्यात त्याच्या अर्धा तास आधी तुम्ही काय करत होतात ते. वस्तूचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की आपण लगेच तिची वकिली करायला लागतो, नाही पण ते डबे खरंच लागत होते, सिरम संपलं होतं वगैरे. वेळेची वकिली करता येत नाही. चौथा रकाना सगळा आठवणार नाही, आठवेल तेवढा भरा, न आठवलेली जागा कोरी सोडा, कोऱ्या जागा पण बोलतात.

एक मुलगा आला होता, आयटीतलाच, त्याला वाटायचं आपण सेल बघून खरेदी करतो. वही भरली तर जवळपास सगळ्या ऑर्डरी सोमवार आणि गुरुवार, रात्री साडेअकरा ते साडेबारा. त्या दोन दिवशी त्याचा अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉल असायचा. कॉल संपला की डोकं गरम, झोप येत नाही, घरचे झोपलेले, मग मोबाईल. त्याला मी खरेदीबद्दल काहीच सांगितलं नाही, कॉलनंतर बिल्डिंगखाली दोन चकरा मारून ये आणि मोबाईल वरच ठेव एवढंच सांगितलं. एक महिना त्याने मारल्या चकरा, मग पाऊस लागला, मग पॅसेजमध्ये मारायला लागला. खर्च पूर्ण थांबला असं नाही, पण कार्डाचं बिल त्याला परत पूर्ण भरता यायला लागलं.

दुसरं उदाहरण जरा सविस्तर सांगतो कारण मी स्वतः त्यातून शिकलो. पन्नाशीच्या बाई, शिक्षिका. त्यांचा नाद साड्यांचे लाइव्ह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रात्री नऊ-दहाला एखादी ताई फेसबुकवर लाइव्ह येते, एकेक साडी उलगडून पदर दाखवते, काठ दाखवते, प्रत्येकीला नंबर असतो, आवडली की कमेंटमध्ये "४७ बुक" लिहायचं, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि जीपे करायचं. एकच पीस असतो, त्यामुळे आपल्या आधी कुणी बुक केली तर गेली. या बाईंकडे अकरा महिन्यांत ३८ साड्या झाल्या होत्या, त्यातल्या ३० च्या वर घडी न मोडलेल्या. नवऱ्याने वैतागून आणलं होतं त्यांना माझ्याकडे.

मी आपलं नेहमीचं सुरू केलं, एका साडीचे सतराशे धरा, अडतीस म्हणजे किती झाले, तेवढ्यात काय आलं असतं. बाई शांतपणे ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, अहो पण ती लाइव्हवाली मला नावाने हाक मारते. "आल्या का आपल्या ताई, कालची साडी पोचली का?" असं विचारते, माझ्या घरात रात्री नऊनंतर मला कोण काय विचारतं? नवरा शेजारीच बसला होता, तो खाली बघायला लागला. मला तेव्हा कळलं की सतराशे रुपये साडीचे नव्हतेच, ते गप्पांमध्ये बसायचं तिकीट होतं, आणि नुसतं बघत बसलं तर त्या ग्रुपमध्ये आपली जागा राहत नाही असं त्यांना वाटायचं.

लाइव्ह बंद करा असं सांगितलं असतं तर त्या माझ्याकडे परत आल्या नसत्या. नियम त्यांनीच काढला, मी फक्त लिहून घेतला. मागच्या साडीला फॉल-पिको होऊन, ब्लाऊज शिवून, ती साडी एकदा तरी नेसून होत नाही तोवर पुढची बुक करायची नाही. ज्यांनी टेलरकडे ब्लाऊज टाकलाय त्यांना हा नियम किती जबरदस्त आहे ते कळेल, टेलर पंधरा दिवसांचं सांगून महिना लावतो! कसली विलपॉवर घेऊन बसलात, एका टेलरने घराचं बजेट सांभाळलं. लाइव्ह त्या अजून बघतात, कमेंट पण करतात, "छान आहे हो" वगैरे.

तुमच्या वस्तूंना असा टेलर शोधा. न उघडलेली खोकी आहेत म्हणालात ना, तोच तुमचा टेलर. घरात एक जरी न उघडलेलं खोकं असेल तर नवी ऑर्डर नाही. आणि उघडलं की त्याच दिवशी ठरवायचं, वापरायचं की परत करायचं. रिटर्नची मुदत बहुतेक वेळा सात-दहा दिवसांचीच असते आणि ती आपल्या आळसाने जाते. सिरमला वेगळा नियम, पहिली बाटली पूर्ण रिकामी झाल्याशिवाय दुसरी नाही, रिकामी म्हणजे उलटी करून ठेवून पण काही येत नाही अशी रिकामी.

आता मोबाईलचं, कारण वेळ कळली तरी त्या वेळी हातात मोबाईल असतोच. सगळी गंमत ही की पैसे देताना पूर्वी जे जरा टोचायचं ते आता टोचत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या दोन प्राध्यापकांनी, प्रेलेक आणि सिमेस्टर, विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती, निम्म्यांना सांगितलं रोख द्यायचे, निम्म्यांना सांगितलं कार्डाने द्यायचे, आणि कार्डवाल्यांची बोली जवळपास दुप्पट आली. तेच तिकीट, तीच पोरं. आणि ते साधं घासायचं कार्ड होतं. आपल्याकडे २०१६ ला यूपीआय आलं, २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता यायला लागलं, यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे छोट्या रकमांसाठीच्या त्यातल्याच बटव्यात, तर हजारापर्यंत पिन पण लागत नाही. म्हणजे दहा रुपयाचा चहा पण उधारीवर आणि न टोचता.

मला यूपीआयशी भांडण नाही, मीच सुट्ट्यासाठी वीस वर्षं पानवाल्याशी भांडलोय. पण टोचणी परत लावून घ्यायची सोय त्यातच आहे. पगाराच्या खात्याला यूपीआय ठेवूच नका. दुसरं एक साधं खातं घ्या, यूपीआय फक्त त्याला, आणि पगाराच्या खात्यातून दर सोमवारी ठराविक रक्कम त्यात जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन टाका. महिन्याची रक्कम एकदम टाकू नका, महिना फार मोठा असतो, पहिल्या आठ दिवसांत आपण स्वतःला राजे समजतो. सोमवार मुद्दाम म्हणतोय, शुक्रवारी टाकलेत तर वीकेंडलाच संपतील. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयमधून काढून टाका, आजच. यूपीआय लाइट मात्र ठेवा, पण ऑटो टॉप-अप बंद करून, त्यात दीड-दोन हजार टाकायचे आणि तो आपला रस्त्यावरचा बटवा समजायचा, चहा, रिक्षा, भाजी. रिकामा झाला की रिकामा.

शॉपिंग अ‍ॅपमधलं सेव्ह केलेलं कार्ड काढा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार अ‍ॅपना तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी एक सांकेतिक आकडा असतो, पण आपल्यासाठी त्याचा परिणाम तोच, नंबर टाकावा लागत नाही. ते टोकन डिलीट करता येतं. मग रात्री साडेअकराला पलंगावरून उठून, पर्स शोधून, सोळा आकडे टाकायचे. उठायचा कंटाळा हा फार विश्वासू मित्र आहे, त्याला कामाला लावा. नोटिफिकेशन तर काढाच, डिलिव्हरीची सोडून सगळी. अ‍ॅप डिलीट करा असं मी सांगत नाही, लोक डिलीट करतात, चार दिवसांनी परत टाकतात, आणि परत टाकल्यावर "वेलकम बॅक" म्हणून कूपन मिळतं, म्हणजे उलटं बक्षीसच.

आणि हे पण लक्षात घ्या की समोरचा पडदा साधा नाहीये. "फक्त २ शिल्लक", "१४ जण आत्ता बघतायत", उलटं चालणारं घड्याळ, बिलात गुपचूप आलेली पाच-दहा रुपयांची देणगी, "नको, मला बचत करायची नाही" असं लिहिलेलं बटण, असं फसवून गळ्यात मारण्याला डार्क पॅटर्न म्हणतात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असले १३ प्रकार नावानिशी यादीत टाकून त्यांना मनाई केली आहे. न मागितलेली वस्तू किंवा चार्ज बिलात आला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण मी त्याचा वापर वेगळा करायला सांगतो, उलटं घड्याळ दिसलं की तेवढ्यासाठी ती वस्तू आज घ्यायची नाही. ज्याला मला विचार करू द्यायचा नाहीये त्याच्याशी व्यवहार उद्या.

दहा मिनिटांत येणाऱ्या सामानाचं तुम्ही लिहिलंयत, आईस्क्रीम १२० चं पण १९९ ला डिलिव्हरी फ्री म्हणून चिप्स आणि एक लायटर घेतला. पंचवीस रुपये वाचवायला ऐंशी घालवले. द्या ना ते पंचवीस, नुसतं आईस्क्रीम मागवा आणि पूर्ण मजेत खा. मी गंमत नाही करत, खरंच स्वस्त पडतं. रूममेट आणि तुम्ही मिळून "तुझं काही मागवायचंय का" करता तो प्रकार पण बंद करा, त्यात दोघींचं वाढतं.

नो कॉस्ट ईएमआयचं, म्हणजे बिनव्याजी म्हणून मिळणाऱ्या हप्त्यांचं, एकाच परिच्छेदात. रिझर्व्ह बँकेने २०१३ लाच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. होतं असं की व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात आणि व्याज बँक घेतेच. ३० हजाराचा फोन, सहा महिने, १५ टक्के दर धरला तर व्याज साधारण १,२७० निघतं, ते सूट म्हणून मिळालं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी म्हणजे सव्वादोनशेच्या वर तुमचाच, प्रोसेसिंग फी १९९ असेल तर ती आणि तिचा जीएसटी पण तुमचा, झाले साडेचारशेच्या वर. साडेचारशेनी कुणी बुडत नाही. पण सहा महिने पगारातला एक तुकडा आधीच खाल्लेला असतो, आणि असे चार तुकडे झाले की २० तारखेला खातं रिकामं.

आता ८४ हजार. इथे मी जरा कडक बोलणार आहे. बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, तुमच्या स्टेटमेंटवर छापलेला असेल तो बघा. साडेतीनने ८४ हजारांचं महिन्याचं व्याज २,९४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५२९, म्हणजे ३,४६९. मिनिमम ड्यू पाच टक्के धरलं तर तुम्ही ४,२०० भरताय. त्यातले मुद्दलातून कमी झाले ७३१. आणि त्याच महिन्यात ७०० ची कुर्ती त्याच कार्डावर आली की आपण होतो तिथेच. शिवाय एक गोष्ट जी बँकेत असताना मी शंभर जणांना समजावली आणि नव्वदांना नवीन होती, मागची पूर्ण बाकी भरली नसेल तर नव्या खरेदीला ते ४५-५० दिवसांचं फुकटचं क्रेडिट मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासूनच लागतं. म्हणजे तुमच्या कार्डावर सध्या काहीही स्वस्तात मिळत नाहीये, सेल असला तरी.

म्हणून एफडी मोडा. तिच्यावर वर्षाला सहा-सात टक्के मिळतायत आणि कार्ड वर्षाला चाळीसच्या वर घेतंय. मुदतीआधी मोडली तर थोडं व्याज कापतील, कापू दे. आपल्याकडे एफडीला देवघरातल्या नाण्यासारखं मानतात, समजतं मला, वडिलांनी करून दिलीय, पण तिच्याशेजारी ८४ हजारांची आग पेटलेली ठेवून ते नाणं कशाला पुजायचं.

फक्त एक अट, आणि ही वसुलीच्या अनुभवातून. ज्यांनी कर्ज काढून किंवा दागिना मोडून कार्ड शून्यावर आणलं त्यातले कितीतरी जण वर्षा-दीड वर्षाने आमच्या यादीत परत यायचे, कारण कार्ड रिकामं झालं म्हणजे लिमिट मोकळं झालं. त्यामुळे ज्या दिवशी ८४ भराल त्याच दिवशी बँकेला सांगून लिमिट २० हजारावर आणा. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या तुमच्या नोंदीवर, काय परिणाम होईल विचाराल, तर सध्या महिन्यामागून महिना थकबाकी दिसतेय त्यापेक्षा बरंच. आणि जे ४,२०० आत्ता कार्डाला जातायत ते तसेच दर महिन्याला आरडीला लावा, त्या रकमेशिवाय जगायची सवय तुम्हाला झालेलीच आहे, पावणेदोन वर्षांत व्याज न धरता ८८ हजार होतात.

हौसेचं राहिलं. हौसेला मोल नाही म्हणतात, मी म्हणतो लावा मोल. सोमवारच्या रकमेत आठवड्याचे आठशे-हजार नुसते हौसेचे धरा, त्यांचा हिशोब स्वतःलाही द्यायचा नाही, लिहायचा पण नाही. ज्यांनी हे शून्य केलं ते सगळे दिवाळीच्या सेलमध्ये एका रात्रीत फुटले. हजाराच्या वरचं काही आवडलं तर वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि किंमत लिहून ठेवा, आठ दिवसांनी तीच गोष्ट अजून हवी वाटली तर घ्या, खुशाल घ्या. मी स्वतः असा नियम करायच्या आधी एका सेलमध्ये ड्रिल मशीन घेतलंय, पंधरा वर्षांत माझ्या घरात त्याने दोन भोकं पाडली, बाकी सगळी सोसायटीतल्या लोकांच्या भिंतीत. बायको पाहुण्यांना सांगते, आमच्या ह्यांचा धर्मादाय विभाग आहे.

एक मात्र नीट बघा. वही भरताना चौथ्या रकान्यात सारखं "रडत होते", "झोप नव्हती", "कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं" असंच येत असेल, किंवा ऑर्डर केलेली नंतर आठवतच नसेल, तर मी त्यातला माणूस नाही. १४४१६ हा मानसिक त्रासाबद्दल बोलायला सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे बोला.

आता आईचं. सांगा, आणि एफडी मोडायच्या आधी सांगा. वसुलीत होतो तेव्हा घरोघरी लँडलाइन असायचा. आम्ही कार्डधारकाला मागायचो आणि बऱ्याचदा उचलायची आई. "तो ऑफिसला गेलाय, काय काम होतं?" आम्हाला सांगायची परवानगी नसायची, पण बँकेतून फोन आहे म्हटलं की पलीकडे जी शांतता व्हायची ना, ती कळायची. मग हळूच, "किती आहेत हो?" तुमच्या आईला आकडा तुमच्या तोंडून कळू दे, ८४ हजार, आणि त्याच वाक्यात ते कुठल्या तारखेला भरताय तेही सांगा. ओरडतील थोडं. खोकी मात्र त्या यायच्या आधी उघडून ठेवा.